तुळईवरचे विभागप्रमुख

प्रयोग साधा होता. काँक्रीटच्या तुळईवर ठरावीक भार कायम ठेवायचा, ती हळूहळू किती वाकते ते नोंदवायचं आणि शेवटी भार उतरवून ती किती परत येते ते पाहायचं. पहिल्याच दिवशी एक लोखंडी वजन कमी पडलं. नवं मागवायला मंजुरी लागली असती. स्थापत्य विभागाचे प्रमुख वजनकाट्यावर उभे राहिले, आकडा जुळला, आणि ते तुळईवर जाऊन बसले.

उतरले तर प्रयोग बिघडणार, म्हणून ते उतरले नाहीत. विभागाच्या बैठका प्रयोगशाळेत भरू लागल्या. त्यांच्या पत्नी डबा तोलून पाठवत. दोन शोधनिबंध निघाले. बाहेरच्या विद्यापीठांतली मंडळी बघायला येत. उठून स्वागत करता येत नाही म्हणून सर दिलगिरी व्यक्त करत.

मग तुळई वाकायची थांबली. संशोधक विद्यार्थिनीला आता फक्त भार उतरवल्यानंतरचा आकडा हवा होता. त्यावाचून तिची पदवी अडली होती आणि हाती आलेली नोकरी निसटत होती. सर म्हणाले, घाई नको, अजून वाकेल. मध्यंतरी ते निवृत्त झाले होते. कार्यालयाचं म्हणणं, माणूस म्हणून त्यांना जावं लागेल, उपकरण म्हणून राहता येईल. केबिनमध्ये नवे प्रमुख बसत होते. सर का उतरत नाहीत हे सगळ्यांना कळत होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

विद्यार्थिनी शेवटी त्यांच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी सरांच्या पत्नी, काकू, प्रयोगशाळेत हजर झाल्या.

"चला घरी."

"घरी जाऊन मी काय करू?"

काकूंनी वाद घातला नाही. चपला काढल्या, स्टूल ओढलं.

"सरका जरा. मीही बसते."

"अगं, भार वाढेल."

"मग तुम्ही उतरा. आता माझी पाळी."

"तुझं कसं चालेल? तू प्रमाणित नाहीस."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, आज कळतंय होय?" म्हणत काकूंनी एक पाय वर टाकला.

नोंदी वाया जातील या धसक्याने सरांनी खाली उडी मारली. काकूंनी शांतपणे पाय मागे घेतला.

विद्यार्थिनी जमिनीवर पालथी पडून मापकाचा काटा बघत होती.

"किती?" सरांनी विचारलं.

तिने आकडा सांगितला. तुळई त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त परत आली होती.

"तासाभराने पुन्हा बघ," ते बसायला जागा शोधत म्हणाले. "मी थांबतो."

"थांबा," काकू म्हणाल्या, "पण उभ्याने."