व्हर्नाचा जोडीदार

क्लाइव्ह मेला. उभा जन्म शार्कांच्या शेजारी काढलेला हा माणूस घरी खुर्चीत, रग्बी बघता बघता, हातातला टोस्ट अर्धा टाकून गेला. ही बातमी आता विसरून जावी. व्हर्नाने ती मनावर घेतलेली नाही.

मंगळवारी सकाळी होडी कॉक बे बंदराच्या बाहेर, केल्प या उंच समुद्री शेवाळाच्या जंगलावर येऊन थांबली. मत्स्यालयातल्या प्राण्यांना लागणारी केल्पची पानं दोघं नवरा-बायको इथूनच कापून नेत. उडी मारण्याआधी जोडीदाराने जोडीदाराच्या हवेच्या सिलिंडरचे पट्टे ओढून बघायचे, ही इथली रीत. व्हर्ना रिकाम्या बाकड्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आंटी, मागे कोणी नाहीये," होडीवाला आशरफ म्हणाला.

"माहितीये. नेहमीचाच उशीर त्याचा. लग्नात पाद्री जांभया द्यायला लागला होता."

"अंकलची राख आपणच इथे सोडली ना? मी होतो की."

"आणि मासे धावून आले, तेही बघितलंस ना? सगळी फस्त केली मेल्यांनी. मग खाली माझ्यामागे कोण फिरतं?"

आशरफनेच तिचे पट्टे ओढले. "मत्स्यालयाचे साहेब म्हणालेत, शुक्रवारपासून जोडीदार नसेल तर काम बंद. नवा माणूस बघा."

"त्याला माझ्या खुणा शिकवीपर्यंत मी म्हातारी होईन."

"झालात की!"

"गप रे."

खाली हिरवा उजेड होता. बांबूएवढे देठ एकमेकांना घासत डुलत होते. ती पानं कापू लागली, तसे छोटे मासे येऊन तिच्या हातमोज्याची बोटं चाखू लागले. तिने सवयीने अंगठा-तर्जनी जुळवून विचारलं, ठीक? लाट आली, समोरचं पान वळलं. ठीक होतं.

परतताना पाठीवरच्या सिलिंडरच्या तोंडाशी एक देठ अडकला. तिथे आपला हात पोचत नाही, जोडीदाराचाच पोचतो. झटापट केली की दुसरा देठ येतो, मग तिसरा. ती निश्चल राहिली. वर होडीचा काळा ठिपका, तो हाक ऐकणार नव्हता. तेव्हा तिला पहिल्यांदाच वाटलं, क्लाइव्ह खरोखर मेलाय. ते वाटणं गार पाण्यासारखं मानेतून आत शिरलं.

मग मागे कुणीतरी देठ उचलला. सावकाश, आधी डावीकडे, मग वर. क्लाइव्ह काढायचा तसा.

तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं, तर ती नुसती लाट निघायची.

"अडकला होतात?" होडीवर ओढून घेताना आशरफने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"सोडवलं त्याने."

"आंटी, हे साहेबांना सांगू नका हं."

"सांगत नाही. लिहूनच देते."

आणि तिने दिलं:

"महोदय, माझे पती क्लाइव्ह फोर्टेन यांची जोडीदार म्हणून असलेली नेमणूक शुक्रवारनंतरही चालू ठेवावी, ही विनंती. ते मयत आहेत, तथापि कामावर नियमित हजर असतात. वैद्यकीय तपासणी आवश्यक असल्यास डॉक्टरांना नऊ मीटर खाली पाठवावे. वर येणे त्यांना जमणार नाही. त्यांना पगार नको, आणि हवाही लागत नाही. तरी मंजुरी मिळावी."