सात नंबरची चिठ्ठी

साडेदहा. गोत्री भागातल्या दुकानात सदानंदांनी कानाचं मशीन काढून दुरुस्तीला दिलं आणि सात नंबरची चिठ्ठी घेऊन ते बाकावर बसले. बाराला दवाखान्यात डॉक्टर त्यांच्या बायकोचा, विमलाबाईंचा, रिपोर्ट समजावणार होते. "मला एकटीला नाही ऐकायचं," बायकोनं सकाळी बजावलं होतं.

अकरा. काउंटरवरची मुलगी मान खाली घालून नंबर पुकारत होती. बाकावरच्या चारही जणांची मशीनं तिच्याच टेबलावर होती. कुणी उठलं नाही.

बाराला दहा कमी. सदानंद स्वतःच उठून गेले. मुलीनं मशीन त्यांच्या हातावर ठेवलं. ते कानात बसवताच तिचा आवाज आला.

"काका, त्रण वार नंबर बोलाव्यो. ध्यान क्यां छे?" तीनदा पुकारूनही लक्ष कुठे आहे, असं ती गुजरातीत विचारत होती.

"मशीन तो तारी पासे हतुं ने, बेटा." मशीन तर तिच्याकडेच होतं, असं सदानंदही गुजरातीतच म्हणाले.

तिनं वर पाहिलं नाही. आठ नंबर पुकारला. बाकावरचे तिघे तसेच बसून राहिले.

साडेबारा. डॉक्टर निघून गेले होते. विमलाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या, रिपोर्ट पिशवीत घालून.

"काय म्हणाले?"

"घरी चला," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की मशीन नसतं तर सदानंदांना ऐकूच आलं नसतं.

त्यांनी पिशवी आपल्या हातात घेतली.