फुंकरबाबाचं पांढरं पाणी

मसाट या कारखान्यांच्या गावात, कामगारांच्या चाळीमागे, पत्र्याच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध फुंकरबाबा. पुढ्यात काचेची वाटी, वाटीत नितळ पाणी. रांगेतला कामगार नळी तोंडात धरून फुंकायचा आणि पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं.

"निकला, निकला," बाबा हात उंचावायचा. "कंपनीची पावडर निघाली बघ. थांबू नको, थांबलास तर मागं जाईल." फुंकता फुंकता पाणी पुन्हा नितळ होई. "झालं. फुप्फुस धुतलं. आता गोळी नको, पंप नको."

बायका हात जोडत. बाबा तीच नळी, लाळेची तार लोंबणारी, मळक्या धोतराला पुसून पुढच्याच्या तोंडात देई. सगळ्या चाळीचा खोकला एका नळीत. रांगेबाहेर उभी राहून जया ते बघत होती.

तिचा नवरा वाल्मिक प्लास्टिकच्या कारखान्यात पांढऱ्या पावडरीच्या गोण्या ओततो. घरी येतो तो भुवया-पापण्या पिठात बुडवल्यासारख्या. पांढरं आत गेलं, पांढरं बाहेर आलं; यात शंका कसली घ्यायची, असं त्याला वाटलं. मागच्या रविवारी ओठ निळे पडेस्तोवर फुंकला आणि बाबाच्या शब्दावर दम्याचा पंप दमणगंगा नदीत टाकून आला. मास्कही सोडला. तेव्हापासून त्याला आडवं होता येत नाही. छातीत पावा वाजतो, वेळूच्या बनात वारा अडकावा तसा, आणि जया तो सूर तुटू नये म्हणून ऐकत बसते.

आज तिने दवाखान्यातल्या डॉक्टर मालतीबाईंना सोबत आणलं होतं. जयाच्या हातात एक बाटली होती.

"बाबा, मलापण फुंकायचंय."

"तू कुठल्या कंपनीत?"

"कुठल्याच नाही. घरी भाकरी थापते."

"मग तुझ्यातनं काय निघणार?"

"तेच बघू की."

तिने आपल्या वाटीत बाटलीतलं पाणी ओतलं, कोरी नळी घेतली, फुंकली. पाणी पांढरं. फुंकत राहिली. पाणी नितळ.

बाबाने डोळे मिटले. "नवऱ्याचं पाप बायकोत उतरतं, बेटी."

"आणि तुमच्यात कोणाचं उतरलंय?" मालतीबाईंनी त्याच बाटलीतल्या पाण्याची दुसरी वाटी सरकवली. "फुंका."

"साधू परीक्षा देत नसतो."

"आमची बरी घेतली," रांगेतून कोणीतरी बोललं. "फुंका ना. तुम्ही तर नुसती हवा खाऊन राहता."

फुंकावंच लागलं. पाणी पांढरंफटक.

"ही चुन्याची निवळी, बाबाच्या वाटीतही हीच," मालतीबाई म्हणाल्या. "तंबाखूला लावता तोच चुना. जयाने काल वाल्मिकच्याच डबीतला पाण्यात कालवला, खाली बसू दिला, वरचं पाणी गाळून घेतलं. माणूस जो श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. त्याने निवळी पांढरी होते, आणखी फुंकलं की पुन्हा नितळ. धुळीचा इथे संबंधच नाही."

वाल्मिक गर्दीतून धापत पुढे आला. "मॅडम, दवाखान्यात तुमच्या मशीनमध्येबी फुंकायलाच लावता. फरक काय मग?"

"मशीन रंग बघत नाही. छातीभर घेतलेली हवा किती आणि ती किती वेगाने बाहेर पडते, ते मोजतं. दम्यात छातीतल्या श्वासाच्या नळ्या आवळतात, हवा निघायला वेळ लागतो. काही धुळींनी फुप्फुसच कडक होतं, मग हवा मावतच नाही. तुझ्या नळ्या आवळल्यात. दवाखान्यात तपासलं तेव्हा पंपातलं औषध ओढून दुसऱ्यांदा मशीनमध्ये फुंकलास, तेव्हा हवा भराभर निघाली. म्हणजे औषध लागू पडतं. तेच तू नदीला दिलंस."

"आन् आत गेलेली पावडर?"

"ती किती आहे ते एक्स-रे सांगेल. आणखी जाऊ नये म्हणून मास्क."

जयाने कमरेचा नवा पंप काढला. वाल्मिकने ओढला. थोड्या वेळाने त्याचे ताणलेले खांदे खाली आले, पावा मंदावला. तोवर बाबा वाट्या गोणपाटात कोंबत होता आणि दोघे-तिघे अजूनही त्याच्या पाया पडत होते. जयाने तोंड फिरवलं.

श्वास दिसत नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही दाखवता येतं. तो मोजून घ्या, औषध विचारून घ्या. ज्याला प्रश्न चालत नाही, त्याच्या हाती आपली छाती देऊ नका.