उघडी राहिलेली काच

वजनमापांच्या प्रयोगशाळेत त्याला पाठीमागे सगळे ‘मिलिग्रॅम’ म्हणत. तराजूजवळ कोणी तोंड उघडलेलं त्याला खपत नसे. श्वासातली वाफही आकड्यात उतरते, हे तो शिकाऊंना कानीकपाळी ओरडून सांगे.

सुटीच्या दिवशी ताई वडिलांच्या राखेचा डबा घेऊन तिथे आली. दहनगृहात तिने विचारलं होतं, बाबा आता कुठेतरी असतील ना? तो ‘नाही’ म्हणाला होता. तेव्हापासून तिने अबोला धरला होता. राखेचे दोन सारखे भाग करून दे, एवढाच निरोप तिने धाडला होता. आपला वाटा उचलून ती कायमची पाठ फिरवणार, हे तो ओळखून होता.

त्याने काचेच्या बशीत राख काढून तराजूवर ठेवली. आकडा उमटला आणि हळूहळू वर सरकू लागला.

“वाढतंय,” ताई म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज कानी पडत होता. “बाबा?”

त्याची नजर तराजूच्या काचेच्या दारावर गेली. ते उघडंच राहिलं होतं. याच चुकीसाठी त्याने भल्याभल्यांना फैलावर घेतलं होतं.

हो म्हणणं सोपं होतं. ताई राहिली असती.

“बाबा नाहीत, ताई. भट्टीतून निघालेली राख कोरडी ठणठणीत असते, हवेतली वाफ ओढून घेते. खोली बंद आहे. इथल्या वाफेत आपला दोघांचा श्वासही आहे.”

ती आकड्याकडे वाकली. मग बाकीचे बाबा कुठे, असं तिने विचारलं.

“वायू होऊन धुराड्यातून गेले. उष्णता भिंतींत, हवेत मुरली. नाहीसं काहीच झालं नाही. फक्त त्याला आता बाबा म्हणता येत नाही.”

“एवढं त्या दिवशी बोलला असतास तर जीभ झिजली असती?”

“तू विचारलंस त्याचं उत्तर ‘नाही’ एवढंच होतं.”

“मिलिग्रॅम म्हणतात ते उगीच नाही,” ती म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

त्याने काच लावायला हात पुढे केला.

“राहू दे,” ताई म्हणाली, आणि स्टूल तराजूजवळ ओढून बसली.

त्याने हात मागे घेतला. आकडा सरकतच होता. तो स्थिरावल्याशिवाय वजन नोंदवायचं नाही, हा नियम त्याचाच होता. त्या दिवशी वाटणी झाली नाही.