जुन्या गावावरून

नाथाजीने थ्रॉटलचा दांडा पुढे रेटला, आणि इंजिनाचा आवाज वाढायच्या ऐवजी खाली बसला. दांडा मागे घेतला तर घुरघुर नीट, पुढे रेटला की पुन्हा घसा बसल्यासारखा. लाँचमधल्या माणसांच्या गप्पा एकदम थांबल्या. उजवीकडे डोंगराची सोंड, डावीकडे पाण्यातून डोकं काढून उभे असलेले वाळक्या झाडांचे शेंडे. म्हणजे खाली जुनं गाव. पुन्हा तिथंच.

फळीवर बसलेल्या बयाबाईने कुणी न सांगता पिशवीतून हळदकुंकवाची पुडी काढली आणि चिमूट पाण्यावर सोडली. म्हातारीला आता सवयच झाली होती. नाथाजीनेही सवयीनेच इंजिनाच्या पेटीवर वाकून डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं, काठी बुडवून पाहिली. डिझेल भरपूर होतं. झाकण लावलं, दांडा पुढे केला, आणि लाँच काही झालंच नाही अशा थाटात चालू लागली. बायकांनी हात जोडले.

त्र्याहत्तर सालच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. कोयनेचं पाणी खोऱ्यात चढून दहा-अकरा वर्षं झाली होती. खालची गावं वर डोंगराच्या अंगाला जाऊन बसली होती, आणि त्यांना बामणोलीचा बाजार गाठायला ही एकच लाँच होती. गावांनीच मिळून घेतलेली, जुनी, रंग उडालेली. नाथाजी तिचा ड्रायव्हर. लष्करात ट्रकच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे इंजिनाचं कुणापुढे रडगाणं गायची त्याला लाज वाटे. फिल्टर त्याने बदलला होता. नोझल काढून, साफ करून बसवले होते. पाण्यात बुडी मारून पंख्याला काही गुंडाळलंय का तेही चाचपून आला होता. साताऱ्याहून आणलेल्या फिटरसमोर तर इंजिनाने कमालच केली. धक्क्याला दोर बांधून लाँच उभी, पंखा इंजिनापासून सोडवलेला, आणि इंजिन असं गरजलं की समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला. फिटर चहा पिऊन पुढच्या एसटीने गेला.

लाँचचा कारभार बघणारे नानासो मोठे थट्टेखोर. ते म्हणाले, "नाथाजी, तुजं इंजान आमच्या थोरल्या जावयावानी हाय. बसल्या जागी लय जोर, आन कामाला जुपलं की धाप."

सगळे हसले. नाथाजीही हसला. पण त्याला भीती वाटत होती, आणि कशाची हे तो कुणाला सांगू शकत नव्हता.

तानी त्याची लेक. चार वर्षांची असताना तापाने गेली. धरणाच्या आधीची गोष्ट. गावदेवीच्या देवळामागे आंब्याखाली तिला ठेवलं होतं. मग पाणी आलं. लोकांनी घरांची कौलं काढून नेली, वासे नेले, दारं नेली. तानीला कुठं नेणार? देवीचा शेंदूर माखलेला गोल दगडी तांदळासुद्धा जागचा हलला नाही, म्हणून तोही तिथंच राहिला. वरच्या गावात नवी मूर्ती बसली, पण नाथाजीची बायको राहीबाई तिला कधी देवी म्हणालीच नाही. मागच्या नवरात्रात ती लाँचवर आली, तिची नजर टाकीच्या घुमटासारख्या झाकणावर गेली, आणि तिने तेलात कालवलेला शेंदूर त्याला माखला. तेव्हापासून दर मंगळवारी. देवीपाशी पोर आहे, देवीला विसरून कसं चालेल, एवढंच तिचं म्हणणं. नाथाजीने अडवलं नाही. बाईच्या जिवाला तेवढाच आधार.

आणि उन्हाळ्यापासून लाँच बरोबर जुन्या गावावर दम टाकू लागली.

राहीबाईला त्यात कोडं नव्हतंच. तिच्या मते तानी लाँच धरून ठेवत होती. लहानपणी बाप रजेवरून परत निघाला की पोर त्याच्या पायाला अशीच मिठी मारायची. नाथाजी हे ऐकून वैतागायचा. पण एक गोष्ट त्याने तिलाही सांगितली नव्हती. मधोमध लाँच थांबली, तो टाकीचं झाकण फिरवू लागला, की आतून एक बारीक सुस्कारा यायचा. दर वेळी. झोपेत पोर कूस बदलताना सोडते तसा. भर दुपारी, माणसांच्या गराड्यात त्याच्या अंगावर काटा यायचा, आणि तो घाईघाईने झाकण बंद करायचा.

श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी लाँच गच्च भरली होती. धान्याची पोती, मिठाच्या गोण्या, दोन शेरडं, बाया, म्हातारी माणसं. राहीबाईही होती. पाऊस थांबला होता, पण वारा भलता सुटला होता आणि तो नेमका समोरून. नानासो म्हणाले होते थांबू या, पण घरी पोरंबाळं टाकून आलेल्या बायका थांबायला तयार नव्हत्या.

जुन्या गावावर इंजिनाने दम टाकला. नाथाजीने झाकण फिरवलं, सुस्कारा ऐकला, बंद केलं. लाँच थोडं अंतर गेली आणि पुन्हा बसली. असं कधी झालं नव्हतं. समोरच्या वाऱ्याने लाँचचं तोंड फिरलं, ती आडवी झाली आणि लाटा बाजूने आत येऊ लागल्या. वारा तिला वाळक्या झाडांकडे ढकलत होता. त्या खोडांवर एकदा फळ्या आपटल्या की संपलं. शेरडं ओरडू लागली. नानासो डब्याने पाणी उपसत होते आणि त्यांच्या तोंडून थट्टेचा शब्द निघत नव्हता. एवढी सगळी माणसं आपल्या भरवशावर बसली आणि आपण त्यांना घेऊन चाललो, तेही आपल्याच पोरीपाशी, असं त्याच्या मनात आलं.

राहीबाई कडेला वाकली. तिने आरडाओरडा केला नाही. घरात बोलावं तशी बोलली.

"तानी, सोड गं. लोकांची मानसं हायत."

नाथाजीने झाकण फिरवलं. सुस्कारा आला, या वेळी मोठा. तेलकट शेंदराने माखलेलं झाकण त्याच्या हातातून निसटलं आणि लाँचच्या तळात साचलेल्या पाण्यात गेलं. शोधायला वेळ कुठला? लाटेचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून त्याने तोंडावर नुसता फडका टाकला आणि दांडा पुढे रेटला.

इंजिन गरजलं. दांडा पूर्ण पुढे, समोरून वारा, लाँच माणसांनी भरलेली, आणि इंजिन धाप न टाकता ओढत राहिलं. लाँचचं तोंड वळलं. झाडं मागे पडली. धक्का येईपर्यंत एकदाही आवाज खाली बसला नाही. बयाबाई रडत उतरली. राहीबाई उतरताना पाण्याकडे बघून म्हणाली, "लेकीनं ऐकलं माजं."

नाथाजी मागे राहिला. तळातलं पाणी उपसून त्याने झाकण शोधलं आणि फळीवर बसून ते बघत राहिला. वर्कशॉपमधला हवालदार नव्या पोरांना शिकवायचा ते त्याला आठवलं, टाकीला पण नाक असतं. झाकणाला बारीक भोक असतं, डिझेल जाईल तशी तिथून हवा आत यायला. नाथाजीने शर्टाची टाचणी काढली आणि शेंदराच्या जाड थरात टोचली. भोक सापडलं. पार बुजलेलं.

मग सगळंच उलगडलं. उभ्या इंजिनाला डिझेल लागतंच किती? ओझं ओढताना टाकीत आत यायला हवाच मिळत नसे, डिझेल खाली उतरेना; वादळात ओझं दुप्पट, म्हणून दम दोनदा सुटला. धक्क्यावर लाँच उभी राहिली की हवा हळूहळू झिरपून टाकी पुन्हा सावरे, आणि दोन्ही धक्के जुन्या गावापासून सारख्याच लांब, म्हणून एरवी दम तिथंच सुटे. आणि तो सुस्कारा बाहेर येतच नव्हता. ती हवा आत जात होती.

माणसाला खरं तर नाचावंसं वाटायला हवं होतं. नाथाजी झाकण मांडीवर ठेवून ढसाढसा रडला. इतके महिने ज्याला तो भीत होता, ते नव्हतंच. तिथं कुणी त्याला धरत नव्हतं.

त्याने शेंदूर खरवडला नाही. फक्त भोक मोकळं केलं.

पुढच्या मंगळवारी राहीबाईने नेहमीसारखा शेंदूर माखला. ती वळल्यावर नाथाजीने हळूच टाचणी फिरवली. लाँच निघाली. पाणी शांत होतं, इंजिन मस्त चाललं होतं. डोंगराची सोंड आली, झाडांचे शेंडे आले. बयाबाईने पुडी काढून हातात धरली. इंजिनाचा आवाज काही बदलेना. नाथाजीने मागे पाहिलं. राहीबाई त्याच्याकडे बघत होती, आणि वादळाच्या दिवशीही तिच्या तोंडावर नव्हती एवढी भीती आज होती.

त्याने दांडा हळूहळू मागे ओढला. लाँच थांबली. उगाच टाकीवर वाकून त्याने झाकण फिरवलं. आतून कसलाच आवाज आला नाही.

राहीबाईची नजर दांड्यावरच्या त्याच्या हातावर गेली होती. तिने पाहिलं होतं. वाकून तिने पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग पदराला हात पुसत म्हणाली, "चला आता. झोपू द्या तिला."