काट्यावरचा कर्नल

देवगाव फाट्याजवळच्या एका वजनकाट्यावर ओमप्रकाश नऊ वर्षं गाड्या तोलत होता. भरलेली गाडी काट्यावर चढली की एक बटण, रिकामी होऊन आली की पुन्हा तेच बटण, आणि मग पावती. ह्या कामाला हात लागतात, डोकं लागत नाही. ओमप्रकाशचं डोकं असं मोकळं राहिलं की कुठंतरी जाऊन अडकायचं. एका वर्षी ते रेडिओत अडकलं होतं, एका वर्षी मधमाश्यांत. ह्या वर्षी ते एका जुन्या मशीनमध्ये अडकलं.

मशीन त्याला सिद्धोधननं दिलं. सिद्धोधन त्याचा आयटीआयपासूनचा दोस्त, पूर्ण्याला रेल्वे स्टेशनामागं भंगाराचा धंदा करायचा. कुठल्यातरी ऑफिसच्या अडगळीतून ते आलं होतं. पसरट, जडच्या जड, राखाडी रंगाचं. तीस वर्षांपूर्वी म्हणे त्याच्यावर नकाशे काढायचे. आजच्या मोबाइलच्या चार्जरला त्याच्याहून जास्त अक्कल असेल, पण सिद्धोधननं झाकण उघडून आतली वायरिंग दाखवली आणि ओमप्रकाश हरखला. तसली सफाई त्यानं नव्या मशीनमध्ये कधी पाहिली नव्हती. एसटीच्या मागच्या बाकावर मांडीवर घेऊन त्यानं ते फाट्यावर आणलं.

काट्याची मालकीण कडूबाई. साठीच्या पुढची बाई, पण नवऱ्यामागं काटा एकटीनं सांभाळलेला. कमरेला चाव्यांचा जुडगा, आणि केबिनमध्ये तिला न विचारता टाचणीसुद्धा हलायची नाही.

"हे काय उचलून आनलंस?" तिनं विचारलं.

"वर्कस्टेशन हाय, मावशी."

"पूर्ण्याहून आनलंस म्हून स्टेशन?"

"न्हाई हो. कॉम्प्युटरच हाय, जुन्या काळातला. लय मजबूत."

"चालतोय का?"

ओमप्रकाशनं वायर लावली. पंखा घरघरला, पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. ती वाचून त्याचा चेहरा पडला. "ह्याची आतली बॅटरी मेलीय. ह्याला सोताचं नावच आठवत न्हाई. बंद करून चालू केलं की दर वेळी सांगावं लागंल."

कडूबाई 'फेकून दे' म्हणणार, असं त्याला वाटलं होतं. पण ती मशीनकडं बघत राहिली. "आमच्या मामंजींचं शेवटी आसंच झालतं," ती म्हणाली. "रोज सकाळी इचारायचे, मी कोन? मी सांगायची, तुमी वालूरचे पाटील. लय खूश व्हायचे. पाटील नव्हते, पण खूश व्हायचे. राहू दे कोपऱ्यात. रोज नाव सांगत जा त्याला."

अशी मशीनची सोय लागली. पुढचा शब्दांचा घोळ मात्र ओमप्रकाशनंच घातला.

"आता ह्याच्यासाठी कर्नल बनवावा लागंल, मावशी."

"मिलिटरीतला?"

"न्हाई, हा येगळा. मशीनचा कारभारी म्हना. आत कोन कोन हाय, कुनी कवा बोलायचं, कुनाला किती जागा द्यायची, समदं तोच बगतो. नव्या मशीनला आयता मिळतो. ह्याच्यासाठी मापानं शिवावा लागतो."

त्या वेळी खिडकीशी पावतीसाठी वालूरचा दत्ता उभा होता. ट्रॅक्टरवाला, बोलायला उत्साही, ऐकायला अर्धा. त्याच्या कानावर एवढंच पडलं की काट्यावर कर्नल येणार आहे. ते घेऊन तो गावाकडं निघाला.

कर्नल मापानं शिवायचा म्हणजे आधी मापं द्यावी लागतात. ओमप्रकाशच्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम होता, तो एकेक प्रश्न विचारायचा. मशीनमध्ये हे आहे का, ते लागेल का. असे हजारावर प्रश्न. बहुतेकांना तीनच उत्तरं: हो, नाही, आणि तिसरं म्हणजे 'आत्ता आत घेऊ नका, लागलं तर बोलावू'. सोप्या रीतीही होत्या, पण ओमप्रकाशला जुन्या मशीनसाठी जुनीच रीत पाहिजे होती. मधेच सोडलं तर सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. हरभऱ्याचे दिवस होते. दोनशेव्या प्रश्नाला हॉर्न वाजायचा, तो घाईत उठायचा, कोपर कुठल्यातरी बटणावर पडायचं आणि दोनशे उत्तरं पाण्यात जायची. तीन वेळा असं झाल्यावर तो कपाळाला हात लावून बसला.

"सरक तिकडं," कडूबाई म्हणाली. "तू गाड्या बघ. मी बसते."

"इंग्रजीत हाय, मावशी."

"तू मराठीत सांग. उत्तर मी देते. काटा माजा हाय. इथं कोन राहनार, कोन न्हाई, ते मीच ठरवनार."

तिनं 'हो'च्या बटणावर हळद लावली, 'नाही'वर काजळ आणि तिसऱ्यावर कुंकवाचं बोट. तिसरं उत्तर तिला फारच आवडलं. "जावयासारखं हाय," ती म्हणाली. "घरात ठेवायचं न्हाई, पन लागला तर बोलवायचा."

मग तीन दिवस तो कारभार चालला. ओमप्रकाश एक डोळा काट्यावर आणि एक लॅपटॉपवर ठेवून प्रश्न सांगायचा.

"खेळायची दांडी लावायची का, मावशी?"

"नको."

"राखणीचा कुत्रा? मशीन झोपलं तर हालवून उठवतो."

"मोत्या हाय की. दुसरा आनला की भांडनं लागतेत. नको."

"आफ्रिकेतल्या भाषांची अक्षरं?"

"पाहुन्याला नको म्हनू नये. कुंकवाचं दाबते."

"जादूची कळ?"

"जादूबिदू बिलकुल नको. लोक काट्यावर आधीच शंका घेतेत."

"कर्नल घाबरला, म्हंजे काम सोडून पडला, तर किती येळानं उठवायचा?"

कडूबाईनं ह्याच्यावर बराच विचार केला. "घाबरलेल्या मानसाला उठवू नये. पडू दे. दम खाऊ दे."

ओमप्रकाशला ते पटलं. त्यानं तिथं शून्य टाकलं, म्हणजे कधीच उठवायचा नाही. एका प्रश्नात कर्नलला नाव द्यायचं होतं. तिथं त्यानं कडूबाईचंच नाव लिहिलं. ती वरवर रागावली, पण त्या दिवशी चहात आलं जास्त पडलं.

गडबड झाली ती तिसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी. बाहेर चार ट्रॅक्टर लागले होते, ओमप्रकाशचा घसा बसला होता, मराठी आखडत चालली होती. "जुनी तबकडी ठेवायची का?" त्यानं ओरडून विचारलं. कडूबाईला ग्रामोफोन आठवला. तिनं काजळाचं बटण दाबलं. "चित्राची पाटी?" पुन्हा काजळ. "पाठीमागच्या भोकातून बोलू द्यायचं का?" ह्याला मात्र ती हो म्हणाली, कारण मुकं काहीच असू नये असं तिचं मत होतं.

लॅपटॉपनं अडीच तास तापून कर्नल तयार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओमप्रकाशनं मशीनला त्याचं नाव सांगितलं, लॅपटॉपची वायर जोडली, मनातल्या मनात कुलदैवताला हात जोडले आणि कर्नल आत सोडला. पडद्यावर एक ओळ आली आणि पुढं सगळं थिजलं. दहा मिनिटं झाली तरी थिजलेलंच. त्यानं बंद करून चालू केलं, झाकण उघडून फुंकर मारली, वायरी काढून लावल्या. दुपारपर्यंत त्याचं तोंड एवढंसं झालं. डबा उघडला, पण भाकरी नुसती कुस्करत बसला.

"जेव आधी," कडूबाई म्हणाली आणि नजरेसमोरून त्याची उदासी हटावी म्हणून केबिन झाडायला लागली. पावतीच्या जुन्या प्रिंटरला दोन वायरी होत्या. एक कामाची, रोजच्या कॉम्प्युटरला गेलेली. दुसरी रुंद तोंडाची, कित्येक वर्षं नुसतीच लोंबकळणारी. कडूबाईला लोंबकळणारी वस्तू खपत नसे. तिनं ती उचलली, राखाडी मशीनच्या पाठीला नेमकं तेवढंच भोक दिसलं, आणि बसवून टाकली.

अडीचच्या सुमाराला दत्ता हरभऱ्याची ट्रॉली घेऊन आला. ओमप्रकाशनं जाताजाता शेवटचं म्हणून मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, नाव सांगितलं, कर्नल सोडला आणि पडद्याकडं न बघताच काट्यावर गेला. वजन घेतलं, बटण दाबलं. प्रिंटर कडकडला, पावतीच्या दोन ओळी आल्या. आणि मग तो थांबेचना.

कागद खिडकीतून बाहेर यायला लागला. दत्ता तो ओढत होता. हातभर झाला, दोन हात झाला.

"आज लय लांबडी पावती हाय, ओमभाऊ."

"प्रिंटर येडा झालाय. थांब जरा."

"थांबतो की. काय लिहिलंय बघू." दत्ता दहावी पास होता आणि इंग्रजी आकडा सोडत नसे. एकाएकी त्याचे डोळे मोठे झाले. "आरं बाबा! पासष्ट हजार पाचशे छत्तीस के!"

"काय?"

"के म्हंजे किलोच ना? साडेसहाशे क्विंटल हरबरा हाय माज्या ट्रालीत!"

"तीस क्विंटलची ट्राली तुजी," कडूबाई आतून म्हणाली.

"मावशी, काटा तुमचा, पावती तुमची. मी कुठं काय म्हनलं? मला तर आधीपासूनच वाटायलं होतं, ह्या वर्षी दाना भरलाय."

ओमप्रकाश धावत आला आणि त्यानं कागद हिसकावून घेतला. पहिल्याच ओळीत कर्नलच्या नावापुढं 'कडूबाई' छापलेलं होतं. खाली प्रोसेसर, खाली मेमरी, त्यात दत्ताचे पासष्ट हजार, खाली एकेक भाग जागा होऊन हजेरी देत होता. त्याच्या ध्यानात आलं. कर्नल सकाळपासून धडाधड बोलत होता. फक्त चित्राच्या पाटीला काजळ लागल्यामुळं पडद्यावर बोलायला बंदी होती म्हणून पाठीमागच्या भोकातून बोलत होता, आणि तिथं ऐकणारं कुणी नव्हतं. ओमप्रकाशनं दत्ताला मिठी मारली. दत्ताला वाटलं, हरभऱ्याबद्दलच.

तेवढ्यात प्रिंटर थांबला. शेवटची ओळ वाचून ओमप्रकाशनं कागद खाली ठेवला.

"काय झालं?" कडूबाईनं विचारलं.

"कर्नल घाबरला, मावशी."

"म्हंजे कर्नल साहेब आलेत?" दत्तानं केबिनमध्ये डोकावून पाहिलं. "आन् मिलिटरीतला मानूस, घाबरला कामून?"

"त्याला तबकडी सापडली न्हाई. समदं सामान तबकडीत असतंय. मावशी, तुमी तबकडी नको म्हनलाव?"

"तू नीट सांगितलंस का? मला वाटलं गाण्याची."

चूक कुणाची ह्याचं वजन करायला गेलं तर काटा मधेच राहिला असता. शेवटी कडूबाईनं दत्ताला खरी पावती दिली, एकतीस क्विंटल वीस किलो, आणि ती घेताना तो घरचं लग्न मोडल्यासारखा दिसला. मग तिनं पदर खोचला. "चल. पुन्हा इचार. आता एकेक गोष्ट समजावून सांगायची. घाई करायची न्हाई."

पुन्हा तीन दिवस गेले. ह्या वेळी तिनं तबकडीला हो म्हटलं, चित्राच्या पाटीला हो म्हटलं, आणि जादूच्या कळीबद्दल तिला विस्तारानं समजून घ्यायचं होतं. मंगळवारी चारच्या सुमाराला पडद्यावर ओळी धावायला लागल्या, एकामागं एक, न अडखळता, आणि शेवटी एकच ओळ चमकत राहिली: नाव सांगा.

ओमप्रकाशच्या डोळ्यांत पाणी आलं. कडूबाई चष्मा पुसून जवळ आली. "आता काय करतो हा?"

"आता काय न्हाई. चालतोय."

"बास?"

"बास."

तिनं थोडा वेळ पाहिलं. "बरं," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

नेमका त्याच वेळी दारात बुटांचा आवाज झाला. वालूरचे बन्सीधर हवालदार उभे होते. बावीस वर्षं फौजेत काढून आलेले, आता सत्तरीचे. कडक इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं, मिशीला तेल. दत्ताची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"कर्नल साहेब हायेत का?" त्यांनी विचारलं. "समद्या गावात चर्चा हाय. तबियत बरी न्हाई म्हने, घाबरल्यासारखं झालतं. म्हनलं, आपन भेटून यावं."

कडूबाईनं त्या इस्त्रीकडं पाहिलं, पदकांकडं पाहिलं आणि खोटंही बोलली नाही. तिनं मशीनकडं बोट केलं. "हेच."

हवालदारांनी मशीन खालून वर पाहिलं. मग टाचा जुळवून खणखणीत सलाम ठोकला. काट्यावरचा मोत्यासुद्धा उठून उभा राहिला.

"नाव इचारायलंय," पडदा वाचून ते म्हणाले. फौजेत इंग्रजी अक्षरं शिकले होते. एका बोटानं त्यांनी आपलं नाव टाइप केलं. मशीननं पासवर्ड मागितला, त्यांनी आपला फौजेतला नंबर दिला. मशीननं चूक आहे म्हणून सांगितलं. त्यांनी पुन्हा दिला. पुन्हा चूक.

"कर्नल लोक असंच करतेत," हवालदार न रागावता म्हणाले.

ओमप्रकाशला राहवेना. "थांबा काका," म्हणून त्यानं आत शिरून त्यांच्या नावाचं खातं उघडलं, पासवर्ड तोच, फौजेतला नंबर. ह्या खेपेला मशीननं त्यांना आत घेतलं आणि पुढच्या शब्दाची वाट बघत राहिलं.

"आता?"

"आता तुमी हुकूम द्यायचा."

"कर्नलला? मी?" हवालदार दोन पावलं मागं सरले. बावीस वर्षांत असा प्रसंग आला नव्हता. त्यांच्या तोंडून पहाऱ्यावरचा जुना शब्द निघाला. "हुकुमदार!"

"म्हंजे काय हो?" कडूबाईनं विचारलं.

"म्हंजे, कोन हाय तिकडं. इंग्रजीत हू."

"मग तेच लिवा," ओमप्रकाश म्हणाला. "हू एवढंच लिवा. कळतंय त्याला."

हवालदारांनी तीन अक्षरं टाइप केली. मशीननं क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं: बन्सीधर.

हवालदारांनी ते दोनदा वाचलं. कोटाचं बटण सैल केलं, कडूबाईनं पुढं सरकवलेली खुर्ची घेतली आणि चहा मागवला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा गाड्या काट्यावर चढल्या. प्रत्येक गाडीचा हॉर्न वाजला की हवालदार ताठ बसायचे, कोण आहे म्हणून कर्नलला विचारायचे, आणि उत्तर वाचून मान डोलवायचे.