हात हलवायचा विचारसुद्धा करायचा नाही

मावशीला जाणीव आहे, हे मंगळवारी सिद्ध झालं. पण रुग्णालयाच्या मते असं काही झालंच नाही. तेव्हा आपणही ते झालं नाही असं धरून मुळापासून सुरुवात करू.

अपघातानंतर मावशी डोळे उघडे ठेवून निपचित पडलेली. जाणीव सापडली तर उपचार चालू, नाहीतर नुसत्या देखभालीच्या खोलीत रवानगी, असा नियम. तपासायला दोघं आले. एक मेंदूचे डॉक्टर, दुसऱ्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका. डॉक्टरांना मेंदूत दिवा लागलेला दिसला की पुरे. बाईंचं म्हणणं, दिवा लागला म्हणजे घरात कुणी आहे असं कुठंय? दोघांचं पटत नसे, म्हणून रुग्णालयाने त्यांना एकच टेबल दिलं होतं.

मावशीला यंत्रात सरकवलं. डॉक्टरांनी माइकवरून विनवलं, हात हलवताय अशी कल्पना करा. पडद्यावर शुकशुकाट. पुन्हा विनवलं. पुन्हा तेच.

मी म्हटलं, हिने जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही. लग्नात फोटोवाला ‘हसा’ म्हणाला, तर अख्ख्या अल्बममध्ये ती काकांना शिक्षा सुनावतेय असं दिसतं. मग माइक ओढून घेतला.

“मावशे, हात हलवायचा विचारसुद्धा करायचा नाही. डॉक्टरांनी बजावलंय.”

पडदा असा उजळला की डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

बाईंनी शंका काढली की ‘हात’ हा शब्द नुसता कानावर पडला तरी मेंदू आपोआप चमकू शकतो. रास्त होतं. मग उलटसुलट करून पाहिलं. ‘कर’ म्हटलं की अंधार, ‘करू नकोस’ म्हटलं की लख्ख उजेड.

“आपोआप होणाऱ्या गोष्टीला हट्ट नसतो,” बाई हळूच म्हणाल्या. “नाही म्हणायला आत कुणीतरी लागतं.”

डॉक्टरांनी मान डोलावली. दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि दोघंही त्याने जरा घाबरले.

अधीक्षकांनी मात्र निकाल फिरवला. जो सूचना पाळतो तो शुद्धीत, असं नियमात आहे. मावशीने एकही पाळली नाही. सबब, जाणीव नाही. उद्या पलंग हलवा. या हिशेबाने आमचं सगळं घराणंच पिढ्यान्‌पिढ्या बेशुद्ध आहे, असं मी त्यांना सांगितलं आणि पलंगावर बसून अर्ज लिहिला:

रुग्णेचा पलंग आहे तिथेच राहू द्यावा. तसेच माननीय अधीक्षकांनी स्वतः सदर यंत्रात झोपून, आपण शुद्धीत असल्याचा पुरावा मावशीचे पूर्ण समाधान होईपर्यंत सादर करत राहावे, ही नम्र विनंती.